परबमामांच्या कांद्यावरची माशी

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एकाच विहिरीवर रोज संध्याकाळी तीच चार माणसं बादल्या घेऊन भेटायला लागली, की ते आपोआप साचत जातात. कुणाच्या कंपूत क्रिकेटचे साचतात, कुणाच्या नाटकाचे. आमच्या विहिरीवर माशीचे साचले! परवा मनोहर फडके भेटला तेव्हा म्हणाला, "दिगू, ते सगळं लिहून काढ यार. आपण दोघं गेलो की कुणाला खरं वाटायचं नाही."

मला आत्ताच खरं वाटत नाही. तरी लिहितो.

पन्नासच्या दशकातलं आमचं बोरिवली. स्टेशनापासून पश्चिमेला वीस मिनिटं चाललं की आठ खोल्यांची बैठी चाळ, चाळीमागे विहीर आणि विहिरीभोवती मोकळी जागा. मालक भला माणूस. "काय हवं ते लावा, फक्त म्हैस बांधू नका," एवढीच त्याची अट. म्हणून प्रत्येक खोलीमागे एकेक वाफा होता.

वाफ्यांची आमची चौकडी अशी. परबमामा गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे, मूळचे मालवणकडचे, पंचेचाळिशीचे. मनोहर फडके माझ्याच वयाचा, औषधांच्या दुकानात कंपाउंडर, म्हणून स्वतःला सायंटिस्ट समजणारा. काळेबाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. एकट्या राहायच्या आणि त्यांच्यापुढे आम्ही सगळेच चौथीतली मुलं होतो. चौथा मी, विमा कंपनीत कारकून. माझ्या वाफ्यावर माशी कधी आली नाही, कारण माझ्या वाफ्यात काही उगवलंच नाही.

*

दिवाळीनंतर परबमामा गावाहून आले ते बामाची एक रिकामी डबी घेऊन. आई गेली होती, दिवसकार्य उरकून आले होते. डबीत कांद्याचं बी होतं, तीळ जाळून काळे करावेत तसं. त्यांची आई दरवर्षी भात कापल्यावर हा कांदा लावायची. लहानसा, गुलाबी आणि असा तिखट की चिरणाऱ्याबरोबर शेजारीही रडायचा. बी तिनं स्वतः धरलेलं, सासूकडून आलेलं. आता जमीन चुलतभावाच्या वाट्याला गेली होती आणि त्याला कांद्यात रस नव्हता.

"थोडं ठेवा मागे," मी शहाणपणा केला. "सगळं एकदम कशाला पेरताय?"

"ठेवून काय करू? ह्याचां आयुष्य एका वर्साचां. फुडल्या वर्साक ह्यां रुजूचां नाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. यंदा पेरायचं, उन्हाळ्यात कांदे काढायचे, ते पावसाळाभर जपायचे, हिवाळ्यात तेच पुन्हा लावायचे. मग त्यांना दांडे फुटणार, फुलं येणार आणि फुलांत बी. म्हणजे दीड वर्षाचा खेळ. मध्ये कुठेही चुकलं की आईचा कांदा संपला. जगात दुसरीकडे तो कुठेच नव्हता.

परबमामा वाफ्यावर ओणवे झाले आणि चिमटीनं बी सोडू लागले. वारा नव्हता, तरी धोतराचा आडोसा केला होता. तेवढ्यात फडक्याचं नाक हुळहुळलं.

"मनोहरा!" परबमामा मान वर न करता ओरडले. "बावीपलीकडे जावन शिंक!"

आणि तो खरंच धावत विहिरीला वळसा घालून गेला आणि तिकडे शिंकला. सायंटिस्ट!

*

रोपं वाफ्यात लावून तीन आठवडे झाले नाहीत तोच एकेक पात पिवळी पडायला लागली. परबमामांनी एक रोप उपटलं. मुळाशी पांढरी बारीक अळी वळवळत होती आणि वर भिरभिरत होती एक काळसर माशी, घरातल्या माशीपेक्षा लहान, चिलटापेक्षा मोठी.

रविवारी सकाळी काळेबाईंनी शाळेतलं भिंग आणलं, वाफ्याशेजारी चटई टाकली आणि नऊवारी सावरून त्या चक्क पालथ्या पडल्या. आठ वाजता पडल्या त्या अकरा वाजले तरी तशाच! चाळीतली माणसं दारादारांतून बघत होती. जवळ जायची कुणाची टाप नव्हती.

शेवटी पाववाला आला. तो बिचारा पाव टाकून धावला. "बाई, बाई, पडलात की काय?"

"गप्प!" बाई कुजबुजल्या. "ती अंडी घालतेय."

मग त्यांनी आम्हांला एकेकाला बोलावलं आणि भिंग हातात दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माशी नीट पाहिली. तिचा डोळा तांबूस होता आणि त्यावर जाळी होती, इतकी रेखीव की सोनारालाही जमायची नाही. रोपाच्या बुडाशी मातीला केसाएवढी भेग पडली होती. माशी त्या भेगेशी उलटी वळली, शेपटाकडचं टोक आत घातलं आणि तांदळाच्या कणीच्याही कणीएवढं पांढरं काहीतरी ठेवून दिलं. मग पुढचे पाय एकमेकांवर चोळले आणि पुढच्या रोपाकडे गेली. मी तिथेच बसून राहिलो. जिला मारायला आलो होतो तिच्या कामाची अशी सफाई बघून भिंग परत द्यायचंच विसरलो.

"भेग नसेल तर ती काय करील?" परबमामांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे वर्गातल्या पहिल्या नंबराकडे बघावं तसं पाहिलं. "तोच प्रश्न आहे, परब."

दुसऱ्या दिवसापासून पहिल्या पाळीला जायच्या आधी परबमामा रोपारोपाशी जाऊन अंगठ्यानं बुडाची माती दाबून भेगा मिटवू लागले. दोनशेच्या वर रोपं होती. एक दिवसही चुकला नाही. तो अंगठा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

*

अंगठ्यानं माशी कमी झाली, थांबली नाही. मग फडके पुढे सरसावला. त्यानं कुठल्याशा पुस्तकात तंबाखूच्या पाण्याचं वाचलं होतं. तंबाखू रात्रभर भिजवायची, उकळायची, गाळायची आणि रोपांवर शिंपडायची. उपाय झकास होता, पण तंबाखू आणणार कोण?

परबमामांनी कमरेची चंची काढून त्याच्या हातात दिली. चाळीला धक्काच बसला. हा माणूस तंबाखूशिवाय तासभर राहू शकत नसे. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा मळतात.

पुढे महिनाभर जेवढी तंबाखू यायची तेवढी कांद्याच्या पातेल्यात जायची. परबमामा सुपारीचं खांड चघळत फिरायचे. गिरणीत एकच चर्चा. साचेवाले मळलेली तंबाखू पुढे करायचे आणि हे हात जोडायचे. शेवटी त्यांच्यावरच्या जॉबरनं साचा थांबवून विचारलं, "परब, डॉक्टरनं बंद केली काय? काय झालंय काय तुला?"

"माका काय झालां नाय," परबमामा म्हणाले. "कांदो आजारी आसा!"

*

फडक्याचा पुढचा शोध पिवळ्या रंगाचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे माशी पिवळ्यावर जाऊन बसते. तेव्हा काहीतरी पिवळं घ्यायचं, त्याला एरंडेल फासायचं आणि काठीला अडकवून वाफ्यात उभं करायचं. माशी बसली की चिकटली!

रविवारी आम्ही उठलो तर वाफ्याच्या मधोमध काठीवर एक पिवळाधमक बनियन. एरंडेलानं चमकत होता आणि त्यावर पन्नाससाठ माश्या! आम्ही वाहवा करतोय तोच फडक्याची बायको विमल बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. तो बनियन त्यांच्या हळदीतला होता. तिनं ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेला.

फडक्यानं जीभ चावली. विमल चार पावलं पुढे गेली, बनियन नीट पाहिला आणि म्हणाली, "लग्नात हा घातला होतात तेव्हा एक माशी फिरकली नव्हती!"

बनियन मात्र तिनं काढू दिला नाही. "राहू दे," म्हणाली, "तुमच्यापेक्षा तिथे जास्त उपयोगाचा आहे."

*

इतकं करूनही शेवटी माशीची वाट लावली ती डीडीटीनं. तेव्हा ती नवी होती आणि डासांवर, ढेकणांवर, सगळ्यावर तिचंच नाव. फडक्यानं पावडर आणली आणि आम्ही चौघांनी दळणाच्या गिरणीत उभं असल्यासारखं अंगभर पांढरं होऊन ती सगळीकडे उडवली. दोन दिवसांत माशी गायब. डास गायब. कौलांखालची गांधीलमाशी गायब. फडके छाती काढून फिरत होता.

उन्हाळ्यात साठेक कांदे निघाले. परबमामांनी त्यांच्या वेण्या घातल्या आणि घरात आढ्याला टांगल्या. एकाही कांद्याला सुरी लावायची नाही असा हुकूम होता. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या पावसाळ्यात वहिनी भिजत बाजारातून परत आल्या, पिशवी आपटली आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डोक्यार कांद्याची येणी टांगलेली, आणि मी कांदो बाजारातसून आणतंय!"

पण दर आठवड्याला स्टुलावर चढून एकेक कांदा चाचपून सडका वेगळा काढायचं काम त्याच करायच्या. परबमामांना त्या कांद्याला हात लावू देत नसत. "तुमचो अंगठो जड आसा," म्हणायच्या.

*

पावसाळ्यानं निम्म्याहून जास्त खाल्ले. उरलेले बावीस हिवाळ्यात पुन्हा लावले. त्या वर्षी थंडीही बरी पडली आणि दांडे वर आले. मी कांद्याचं फूल तोवर पाहिलं नव्हतं. कंबरेएवढ्या उंचीचा पोकळ दांडा, टोकाला पातळ कागदासारखी टोपी. एक दिवस ती फाटते आणि आत पांढरा चेंडू. जवळून पाहिलं तर चेंडू नव्हेच, शेकडो चांदण्या, प्रत्येकीला सहा पाकळ्या! ज्या कांद्याला आपण भज्यात कोंबतो, त्याच्या पोटात हे असतं? मी रोज ऑफिसला जाताना त्यांच्यासमोर पाच मिनिटं उभा राहायचो. दोनदा लेटमार्क बसला.

फडके तर हळवा झाला होता. "यंदा एक माशी फिरकू देणार नाही मामा!" म्हणाला, आणि दर शनिवारी डब्यातून पावडर उडवत होता. वाफा कसा स्वच्छ! इतका शांत की पाणी घालताना माती पाणी पितेय ते ऐकू यायचं. आम्हांला त्याचंही कौतुक.

महिन्याभरानं पहिले गोंडे सुकले. परबमामांनी एक खुडून तळहातावर चोळला, फुंकर मारली. सगळं उडून गेलं. हात रिकामा.

दुसरा चोळला. रिकामा. पाचवा, सहावा. काळेबाईंनी भिंग आणलं आणि फोलपटं बघत बसल्या. बराच वेळ त्यांनी भिंग खाली केलंच नाही. मग म्हणाल्या, "बी धरलंच नाही. परागच पोचला नाही एका फुलाचा दुसऱ्याला. पोचवणारं कुणी आलंच नाही."

"कोण येवक होयां?" परबमामांनी विचारलं.

"मधमाशी. नाहीतर..." बाई थांबल्या. "नाहीतर माशी."

फडक्याच्या हातात डबा होता, तो त्यानं हळूच पाठीमागे लपवला.

"हे मी मुलांना दरवर्षी शिकवते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "फळ्यावर चित्र काढून शिकवते! आणि इथे रोज येऊन उभी राहत होते."

वाफ्यात नऊ गोंडे अजून उमलायचे होते. आईचा कांदा आता तेवढाच उरला होता.

*

फडक्यानं दुकानात रजा टाकली. दोन दिवस तो गुडघ्यांवर बसून ओल्या कापडानं एकेक पात पुसत होता. मातीचा वरचा थर आम्ही खरवडून पार रस्त्यापलीकडे नेऊन टाकला. नवी माती घातली. विहिरीचं पाणी इतकं काढलं की दोर तुटला.

नऊतले दोन गोंडे उमलले. माशी नाही. आठ दिवस आम्ही माशीची वाट पाहत होतो. ज्या कुणी आम्हांला आदल्या वर्षी तंबाखूचं पाणी शिंपडताना पाहिलं असेल, त्यानं आता पाहायला हवं होतं. कुठे भुणभुण ऐकू आली की चौघांच्या माना एकदम वळायच्या!

नवव्या दिवशी फिलोमिना आली. गोराईहून होडीनं खाडी ओलांडून सुकी मासळी विकायला यायची, गळ्यात क्रूस, डोक्यावर टोपली. वहिनींचं तिच्याशी जमायचं. परबमामा वाफ्याच्या कडेला बसलेले दिसले तेव्हा तिनं टोपली उतरवली.

"काय झाला परबा? तोंड कशाला पाडलाय?"

वहिनींनी सगळं सांगितलं. फिलोमिना आधी ऐकत राहिली आणि मग एवढी हसली की तिला विहिरीच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

"आमचे गोराईला आंब्याला मोहोर येतो ना, तवा झाडाला सडकी मासली बांधतात. माशी येते, मोहोर धरतो." मग हसू पुसून म्हणाली, "माशीला बोलवायला लागतं, परबा. ती काय तुजी नोकर हाय?"

दुसऱ्या दिवशी ती बोंबलाची आणि बांगड्यांची डोकी केळीच्या पानात बांधून घेऊन आली. दोन दिवस जुनी. परबमामांनी ती सुतळीनं काठ्यांना बांधली. एक काठी फडक्याच्या बनियनचीच होती.

दुपारपर्यंत चाळीत असा वास सुटला की काय सांगू! माझ्या आईनं देवघराची खिडकी लावून घेतली. आणि काळेबाईंची मागची खिडकी वाफ्यावरच उघडायची. अंड्याचं नाव काढलं तरी नाकाला पदर लावणाऱ्या बाई. चार वाजता त्या शाळेतून आल्या, पायरीवर थबकल्या आणि सरळ वाफ्याकडे निघाल्या. परबमामा हात जोडून उभे राहिले.

बाईंनी नाकाला पदर लावला, काठ्यांकडे पाहिलं, गोंड्यांकडे पाहिलं.

"परब," पदरातून आवाज आला, "खाली बांधा. फुलाच्या उंचीवर. वर कशाला बोलावताय तिला?"

आणि स्वतःच्या हातानं त्यांनी एक सुतळी सोडली.

पाच वाजता पहिली आली. मग दुसरी. हिरवी, निळी, राखाडी. तासाभरात वाफा गुणगुणायला लागला. चाळीतली आठही बिऱ्हाडं मागे येऊन उभी होती. नाकाला हात लावून उभी होती, पण कुणी जागचं हललं नाही. मावळतीचं ऊन गोंड्यांवर तिरकं पडलेलं आणि त्यावर माश्या चालत होत्या, एका चांदणीवरून दुसरीवर, पायांना पिवळी भुकटी लावून. मी देवळात कधी एवढा गप्प उभा राहिलो नव्हतो.

तेवढ्यात बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. "तिकडे बघा. डावीकडच्या गोंड्यावर."

लहान, काळसर, तांबूस डोळ्यांची. तीच! फडक्यालाही ती दिसली. त्याचा हात आपोआप वर गेला, दीड वर्षाची सवय. परबमामांनी त्याचं मनगट वरच्यावर धरलं.

"बसांदे रे तिका."

ती बसली. पुढचे पाय एकमेकांवर चोळले आणि कामाला लागली.

*

नऊ गोंड्यांचं बी वैशाखात निघालं. बामाची डबी भरून थोडं उरलं. परबमामांनी एक चिमूट फिलोमिनाला दिलं, एक बाईंना, एक फडक्याला. मलाही देत होते, पण माझा वाफा आठवून त्यांनी ते परत डबीत घातलं.

दिवाळीनंतर पुन्हा पेरणी झाली. रोपं वाफ्यात लावली. पहाटेचा अंगठा सुरू झाला, चंची पुन्हा पातेल्यात रिकामी झाली. पावडरचा डबा मात्र फडक्यानं कधीच देऊन टाकला होता. एका संध्याकाळी तो तंबाखूच्या पाण्याची झारी घेऊन ओळीनं शिंपडत निघाला. शेवटच्या ओळीला, विहिरीकडच्या कोपऱ्यात चार रोपं जरा बाजूला लावलेली होती. तिथली माती दाबलेली नव्हती. बुडाशी भेगा स्पष्ट दिसत होत्या.

"मामा, ही राहिली वाटतं," म्हणत फडक्यानं झारी कलती केली.

परबमामा विहिरीवरून बादली टाकून धावत आले आणि त्यांनी झारीच्या तोंडावर तळहात धरला.

"ती नको," म्हणाले. "ती चार माशीची."